हुजूरचे सेवेशी

माईंनी रुमाल मागितला तो जेवणं उरकून सगळी ओसरीवर टेकली तेव्हा. देवासहून निघताना, इंदूरला बस बदलताना, धारच्या अड्ड्यावर टांग्याची वाट बघतानाही तो विषय त्यांच्या ओठांवर होता, हे धाकट्या सुनेला, दुर्गेला, ठाऊक होतं. पण थोरल्या लेकाच्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या काही मागायचं नाही, हा माईंचा शिरस्ता. पाणी प्यायल्या, अमझेऱ्याहून आलेल्या नणंदेची, यमुनाबाईंची, विचारपूस केली, उद्याच्या वर्षश्राद्धाला ब्राह्मण कोण सांगितलेत ते ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या,

"गोपाळ, माळ्यावरचा तो धाकटा रुमाल काढून दे रे. ह्यांच्या पत्रांचा."

गोपाळराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"माळ्यावर आता रुमाल नाहीत, माई."

"मग कुठं ठेवलेस?"

"दफ्तरात जमा केले. वैशाखात हुकूम आला ना, रियासतीचे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणून द्यावेत म्हणून. अकरा रुमाल होते. सगळे दिले."

तांबड्या मादरपाटाच्या चौकोनात कागद ठेवायचे, चारी टोकं आवळून गाठ मारायची, की झाला रुमाल. यशवंतरावांनी बत्तीस वर्षं धार दरबारची फडणिशी केली, आणि बत्तीस वर्षांत घर आणि कचेरी यांच्यामध्ये कधी भिंत घातली नाही. कचेरीचे कागद घरी यायचे, घरची पत्रंही त्याच मादरपाटात बांधली जायची. दोन्ही मोडीत, दोन्ही एकाच हातची. मग रियासत मध्यभारतात गेली, पाठोपाठ गेल्या मार्गशीर्षात यशवंतरावही गेले, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्यांच्या दोन्ही मुलांना मोडीचं एक अक्षर लागत नव्हतं.

माईंनी हात पुढे करून खांब चाचपला आणि त्याला टेकल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. इंदूरचे डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, थांबा. थांबता थांबता त्यांच्यापाशी उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं.

"त्यात माझी पत्रं होती, गोपाळ."

"मला काय ठाऊक? सगळे एकसारखे दिसत होते. उघडून बघितलं तर पहिल्याच ओळीत हुजूर. एवढा एक शब्द मला येतो. म्हटलं, दरबारचेच अर्ज."

"हुजूर म्हणजे मीच," माई म्हणाल्या.

दुर्गेने मांडीवरच्या छबीला थोपटायचं थांबवलं. आठ महिन्यांच्या छबीला ते आवडलं नाही, तिने पाय झाडला.

"वहिनी, काय बोलता?" यमुनाबाई म्हणाल्या. "दादा तुम्हाला हुजूर लिहायचा?"

"धाकटीला विचारा. तिने वाचलीत."

आता सगळ्यांच्या नजरा दुर्गेकडे वळल्या, आणि त्यातली सगळ्यात तिखट नजर थोरल्या जावेची, कमलची होती. दुर्गा खाली बघत राहिली. पण लाजून नव्हे. काय सांगायचं आणि किती, याची ती जुळणी करत होती.

माई देवासला राहायला आल्या तेव्हा बटव्यात पाच पत्रं घेऊन आल्या होत्या. दुपारी एक ते तीन छबी झोपायची, तिचा नवरा भास्कर शाळेत शिकवायला गेलेला असायचा, आणि ते दोन तास दुर्गेचे. पहिल्याच आठवड्यात माईंनी पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे वाच." तिला कुठलं येतंय. मग माईंनी न बघता शिकवायला सुरुवात केली. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. मामंजींची रेघ उजवीकडे जाता जाता वर चढायची, मांडूचा रस्ता चढावा तशी. त्यांचा 'र' धुळीच्या कणाएवढा, आणि 'ह' एवढा लठ्ठ की शेजारची दोन अक्षरं अंग चोरून उभी. बोरू दौतीत बुडाला की पहिला शब्द काळाभोर, मग फिकट, आणखी फिकट, सातव्या शब्दाला अगदी तहानलेला, की पुन्हा काळाभोर. "फार फिकट झालं असेल तर समजायचं, विचार लांबला होता, दौतीकडे हात गेला नाही," माई सांगायच्या. महिनाभरात दुर्गेला अक्षर लागलं. दोन महिन्यांत तिला त्या अक्षराचा लळा लागला. भांडी विसळतानाही तिच्या तोंडी 'विनंती विशेष' आणि 'बहुत काय लिहिणे' यायला लागलं, आणि छबीने भोकाड पसरलं की ती म्हणायची, "हुजुरांची गैरमर्जी झाली."

पाच पत्रं दोघींची पाठ झाली. माई रोज म्हणायच्या, धारला आणखी दीडशे आहेत.

"हे बघा," दुर्गा आता म्हणाली, "मामंजी कुक्षीला, बदनावरला फिरतीवर असायचे तेव्हाची पत्रं आहेत. ते माईंना अर्ज केल्यासारखं लिहायचे. हुजूरचे सेवेशी, सेवक यशवंत साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असं."

"साष्टांग?" यमुनाबाईंनी कानावर हात नेला. "पुरुषाने बायकोला?"

"थट्टा होती ती, वन्सं," माई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "नुसतीच थट्टा नव्हती."

गोपाळरावांनी अडकित्ता मिटला. "झालं ते झालं. सोमवारी सगळे रुमाल ग्वाल्हेरला जायचे आहेत. तिथं लागतील ते ठेवतील, नाही ते तलफ करतील."

"तलफ म्हणजे?" दुर्गेने विचारलं.

"नष्ट. जाळतात."

"मग उद्या जायला हवं."

"उद्या श्राद्ध आहे," यमुनाबाई म्हणाल्या.

"श्राद्ध दुपारी दोनला उरकतं, आत्याबाई. शनिवारी कचेरी पाचपर्यंत उघडी असते."

"आणि जाऊन सांगणार काय?" गोपाळरावांचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. "मी सही करून दिली आहे, यात घरचा एकही कागद नाही म्हणून. त्याच कचेरीत मी नोकरी करतो. नवं राज्य, नवे साहेब. जुन्या दरबारचे म्हणून आधीच तिरकं बघतात. आता म्हणू, साहब, मैंने झूठ लिखा? आणि वर ती पत्रं चार कारकुनांच्या तोंडी? फडणीसजी अपनी घरवाली को साष्टांग दंडवत करते थे. होळीपर्यंत पुरेल बाजाराला."

"दादाचं बरोबर आहे," भास्कर म्हणाला. मग आईकडे बघून, "म्हणजे, तसं बघितलं तर."

"कसं बघितलं तर?" दुर्गेने विचारलं.

भास्करने छबीकडे हात पुढे केला. "आण, मी घेतो तिला."

"आणि सासऱ्याची अशी पत्रं सुनेने वाचायची, ही कुठली रीत?" यमुनाबाई म्हणाल्या. "जे गेलं ते दादाबरोबर गेलं म्हणावं आणि हात जोडावेत, वहिनी."

माई खांबाला टेकून होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दुर्गेला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं मी ती दर चातुर्मासात एकदा काढून वाचली. ह्या वर्षी नाही वाचली. दिसत नव्हतं." आणि उठून, भिंतीला हात लावत, आत गेल्या.

दुर्गेने त्याच वेळी मनाशी ठरवलं. कसं ते ठरलं नव्हतं, पण जायचं हे ठरलं.

सकाळी चारी चुली पेटल्या होत्या. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला, छबीला शिवायची सोय नाही. ती अंगणात भास्करच्या खांद्यावर रडत होती आणि इथं दुर्गेच्या चोळीला ओल यायला लागली होती. कमल वडे थापत होती.

"मोडी शिकलीस म्हणे," कमल म्हणाली. "मी बारा वर्षं आहे ह्या घरात. मला नाही कुणी शिकवली."

"माईंना तेव्हा दिसत होतं, जाऊबाई. कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती."

"तेही खरंच." एक वडा तेलात सोडला. "मामंजी माझ्याशी कधी एका वेळी चार शब्द बोलले नाहीत. पण मी पहिल्यांदा पुरणपोळी केली आणि ती फुटली, त्या दिवशी पानावरचं सगळं संपवून उठले. मला कळलंच नाही, आवडली की राग गिळला. त्यानंतर दोन दिवसांनी बदनावरला गेले." वडा उलटला. "त्या पत्रांत काही असेल का, माझ्याविषयी?"

"मी पाचच वाचलीत. पण ते घरातलं सगळं लिहायचे. पापडसुद्धा."

कमलने झारा कढईच्या काठाला टेकवला. "ब्राह्मण उठले की तू सोवळं सोड. मागची आवरासावर मी बघते. आत्याबाई विचारतील तर सांगेन, पोरीला पाजायला गेली आहे. खोटं नाही ते, आधी पाज आणि मग जा."

दोनला ब्राह्मण दक्षिणा घेऊन गेले. दुर्गेने छबीला पाजलं, पदर सारखा केला आणि माईंच्या खोलीत गेली. माई पांढरं लुगडं नेसून, हातात काठी घेऊन, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"मी एकटी जाते, माई. तुम्हाला उन्हात—"

"माझे कागद आहेत," माई म्हणाल्या. "चल."

ओसरीवर यमुनाबाई आडव्या आल्या. "वहिनी, आज? श्राद्धाच्या दिवशी तुम्ही कचेरीत जाणार?"

"त्यांच्याच कामाला चालले आहे, वन्सं. त्यांना राग यायचा नाही."

गोपाळराव आतल्या खोलीच्या दारात उभे होते, मुकटा नेसलेले, हाताला दर्भाचा वास. ते अडवायला पुढे आले नाहीत आणि बरोबरही निघाले नाहीत. भास्कर मात्र छबीला घेऊन टांग्याच्या पुढच्या बाजूला चढून बसला. "पोरगी भुकेली झाली तर?" तो म्हणाला. दुर्गेने त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

दफ्तर म्हणजे एक लांब खोली, मांडण्यांवर छतापर्यंत रुमाल. बाकावर उमाशंकर नावाचे अहलकार, म्हणजे कारकून, बसले होते, चाळिशीचे, कपाळावर टिळा, नव्या राज्याबरोबर शाजापूरकडून आलेले. खाली सतरंजीवर म्हातारे दत्तोपंत चष्मा लावून यादी करत होते. मोडी वाचणारा दफ्तरात आता एवढाच माणूस उरला होता. माईंना बघताच ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"वहिनीसाहेब, आपण? आज तर साहेबांचं..."

"हो. आजच. दत्तोपंत, तुम्ही ह्यांच्या हाताखाली होतात ना?"

"अकरा वर्षं. बोरू तासायला त्यांनी शिकवलं मला."

दुर्गेने सगळं सांगितलं. हिंदी तिला चांगली येत होती, देवासच्या बाजारात रोजच बोलायची. उमाशंकरांनी ऐकून घेतलं, रजिस्टरची पानं उलटली आणि डोकं हलवलं.

"देखो बेनजी, यहाँ लिखा है, अर्ज़ियाँ, हुजूर दरबार, बक़लम यशवंतराव फडणीस, तीन सौ बारह. अब इनमें माताजी की कितनी और दरबार की कितनी, यो कुण बतावे?"

"तुम्ही वाचूनच यादी केलीत ना?" दुर्गेने दत्तोपंतांना विचारलं.

दत्तोपंतांची मान खाली गेली. "मायना बघून केली, बाई. अकराशे रुमाल आणि मी एकटा. पहिली ओळ वाचायची, 'हुजूरचे सेवेशी' दिसलं की दरबारच्या ढिगात. साहेबांचं अक्षर मला झोपेतही ओळखू येतं. त्यापुढं वाचायची गरज वाटली नाही. आता सगळे एकत्र मिसळले आहेत."

"एखादा काढा," माई म्हणाल्या. "कुठलाही. ती वाचेल."

दत्तोपंतांनी ढिगातून कागद उपसला. दुर्गेने तो खिडकीकडे धरला. रेघ वर चढत होती, लठ्ठ 'ह' जागेवर होता. तिला आधी एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि मग ती वाचायला लागली.

"हुजूरचे सेवेशी, सेवक यशवंत साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहिण्याविषयी आज्ञा व्हावी. कलम पहिले. हुजुरांनी शिपायासमागमे पाठविलेले पापड पोहोचले. पैकी साबूत नऊ, बाकी भंगलेले. शिपायास विचारता तो घोड्याकडे बोट दाखवितो. घोड्याचा जबाब घेणे राहिले आहे."

दत्तोपंतांच्या तोंडून आवाज आला तो हसण्याचा होता की खोकल्याचा, कळलं नाही. उमाशंकर पुढे झुकले. "कंई बोल्या? घोड़े का बयान?" दत्तोपंतांनी हिंदीत सांगितलं. उमाशंकरांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी हात वर करून दुर्गेला खूण केली, आगे.

"कलम दुसरे. चिरंजीव गोपाळ याने पाटी फोडिली हे वर्तमान कळले. मारू नये. नवी पाटी कुक्षीहून आणीत आहे. कलम तिसरे. गेल्या खेपेस निघतेवेळी हुजुरांची मर्जी खप्पा होती. सेवकाची तकसीर काय, हे सेवकास अद्याप उमगले नाही. तरी कबूल आहे." दुर्गेने कागद आणखी उजेडात धरला. ह्या ओळीचे शेवटचे शब्द अगदी फिकट होते. "बहुत काय लिहिणे. लेखनसीमा."

माई बाकाच्या कडेला सरळ बसल्या होत्या. हात काठीवर, चेहरा खिडकीकडे.

"माताजी, आप ठीक फ़रमाती हैं," उमाशंकर हळू म्हणाले. "यो दरबार को काग़ज़ नी है. पर एक काग़ज़ सुनने में इतनी देर लगी. तीन सौ बारह हैं, और सोमवार को गाड़ी. बिना छाँटे मैं कैसे दूँ? सरकारी काग़ज़ एक भी चला गया तो मेरी नौकरी गई."

त्यांचंही खोटं नव्हतं. दुर्गेने आणखी एक कागद उचलला. वाचला. तो खरोखरच दरबारचा निघाला, नालछ्याच्या तलावाच्या डागडुजीचा. ती तो खाली ठेवणार, तेवढ्यात थांबली. दुसऱ्या हातातला पापडांचा कागद शेजारी धरला. पुन्हा तलावाचा.

"दत्तोपंत, ही काय आहे? प्रत्येक ओळीच्या शेवटी? शेवटच्या अक्षराची शेपटी अशी कागदाच्या काठापर्यंत ओढलेली?"

"ती साहेबांची ताकीद. ओळ उघडी सोडायची नाही. मधे जागा राहिली की कोणी एखादा आकडा घालेल, एखादं नाव घालेल. म्हणून शेपटी काठाला नेऊन भिडवायची. आम्हाला तर ओळ उघडी राहिली म्हणून पूर्ण कागद पुन्हा लिहायला लावायचे."

"इथं नाही ओढलेली."

"असं व्हायचं नाही. साहेब चुकायचे नाहीत." दत्तोपंतांनी पापडांचा कागद घेतला, चष्मा वर सारला, कागद नाकाशी नेला. एक ओळ, दुसरी, तिसरी. सगळ्या ओळी जिथं शब्द संपला तिथंच संपल्या होत्या, काठाला दोन-दोन बोटं कागद कोरा. "उघड्या आहेत," ते म्हणाले. "सगळ्या उघड्या सोडल्यात."

"देवासला आहेत त्या पाचांतही शेपटी नाही," दुर्गा म्हणाली. "मला वाटलं, मोडी अशीच असते."

माई म्हणाल्या, "माझ्याशी बोलताना मधे कोण काय घालणार होतं."

मग वेळ लागला नाही. वाचायचं कामच उरलं नाही, नुसता उजवा काठ बघायचा. दत्तोपंत डावीकडून आणि दुर्गा उजवीकडून, सतरंजीवर मांडी घालून, बंद ओळींचे कागद एका ढिगात, उघड्या ओळींचे दुसऱ्यात. उमाशंकरही बाकावरून उतरले. त्यांना मोडी येत नव्हती, पण काठ बघायला मोडी कशाला लागते. खात्रीसाठी ते अधूनमधून एखादा कागद उचलून दत्तोपंतांना वाचायला लावत आणि दर वेळी बंद ओळींचा दरबारचा, उघड्या ओळींचा माईंचा निघे. बाहेर छबी रडायला लागली, दुर्गा उठली, व्हरांड्याच्या आडोशाला तिला पाजून परत आली. उघड्या ढिगात एकशे अठ्ठेचाळीस कागद झाले.

उमाशंकरांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि पेन उचललं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पुन्हा कारकुनाचा झाला. "अब एक बात. जमा करने वाले ने लिख के दिया है कि सब रियासत का है. इसको काटूँ तो उसी के दस्तख़त लगेंगे, कि भूल हुई. माताजी के नहीं चलेंगे. आपके भी नहीं, बेनजी."

दुर्गेने दाराकडे बघितलं, भास्करला थोरल्या भावाला आणायला घरी धाडावं म्हणून. दारात गोपाळराव उभे होते. मुकटा बदलून कोट चढवलेला, टोपी हातात. आधी खिडकीबाहेर ते केव्हापासून ऐकत होते कोण जाणे. तिला वाटलं, पाटीचं कलम त्यांनी ऐकलं असावं. चेहरा तसा होता.

ते आत आले. आईकडे बघितलं नाही. उमाशंकरांसमोर उभे राहून म्हणाले, "कहाँ लिखना है?"

"भिया, सोच लो. यह काग़ज़ बड़े साहब के सामने जाएगा. झूठी सही का जवाब माँगेंगे."

"माँगने दो. झूठी नहीं थी. मुझे पढ़ना नहीं आता था, यह लिखूँगा." आणि लिहिलंही तसंच. मोडी न येणं ही चूक, कागदपत्र न वाचता दिले ही चूक, पैकी एकशे अठ्ठेचाळीस माझ्या मातोश्रींची खाजगी पत्रं. मग खाली सही. मग त्यांनी पेन टेबलावर आडवं, नीट ठेवलं.

माईंनी आवाजावरून ओळखलं होतं. त्यांनी हात पुढं केला. गोपाळरावांनी तो धरला आणि त्यांना उठवलं. टांगा बाजारातून वळला तेव्हा गोपाळराव दुर्गेला म्हणाले, "ती पाटी मी फोडली नव्हती. शेजारच्याने फोडली होती."

"मामंजींना लिहायला हवं होतं तसं," दुर्गा म्हणाली.

"मला कुठं येत होती मोडी."

घरी पोचले तेव्हा ऊन अंगणाच्या भिंतीवरून चढून गेलं होतं. यमुनाबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या. रुमाल बघितला, तोंड फिरवलं. कमल हात पुसत आतून आली आणि भिंतीशी बसली, काही न विचारता. माई खांबापाशी टेकल्या.

"घरी नको वाचायला," यमुनाबाई म्हणाल्या. "आजचा दिवस तरी."

"आजच," माई म्हणाल्या. "धाकटे, वरचं घे. कुठलंही."

दुर्गेने गाठ सोडली. छबी तिच्या मांडीवर पेंगत होती, तिच्यावरून हात पुढे नेऊन तिने कागद उलगडला आणि वाचायला लागली. पहिलं पत्र चिंचा पाठवण्याविषयीचं. दुसरं, कुक्षीला चोरी झाली त्याचं, आणि त्यातच मधे, हुजुरांनी रात्री दाराला आतून कडी लावून निजावे, सेवकास झोप लागत नाही. तिसऱ्यात मामंजींनी बहिणीची चौकशी केली होती, अमझेऱ्याच्या यमूला ह्या साली माहेरी आणावे, तिचे यजमान जाऊन वर्ष झाले, ती हसली नाही असे ऐकतो, हुजुरांनी तिला हसवावे, हे काम दरबारात दुसऱ्या कोणास जमणारे नाही.

यमुनाबाईंची जपमाळ केव्हाच थांबली होती. दुर्गा चौथ्या पत्राला आली तोवर अंधारून आलं आणि तिला अक्षरं दिसेनाशी झाली. तिने कागद दारातल्या उजेडाकडे कलता धरला, तरी लागेना. "आता उद्या," ती म्हणाली आणि कागदाची घडी करायला लागली.

"उठू नकोस," यमुनाबाई म्हणाल्या. जपमाळ त्यांनी कोनाड्यात ठेवली, गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या आणि आत जाता जाता मागे न बघता म्हणाल्या, "पोर झोपली आहे मांडीवर. कंदील मी आणते. तू वाच."